दिग्या, नवरी दिसली ना?

दिग्या, मेलास एकदाचा!

परवा तुझी तेरवी झाली. आलतो मी. पंगतीत बसलो, बुंदी दोनदा वाढून घेतली अन् हार घातलेल्या तुझ्या फोटोला हात न जोडता निघून आलो. लोकांनी पाहिलं असंल, पाहू दे. आपण बारा वर्षं एकमेकाशी धड बोललो न्हाई, हे वारंगा फाट्यावर कोणाला म्हाईत न्हाई? रस्त्याच्या या कडंला माझं शूटिंगचं दुकान, त्या कडंला तुझं. मधी ट्रक, जीपा अन् चहाच्या दोन टपऱ्या. सकाळी शटर वर करताना तू माझ्याकडं पाठ करायचास, मी तुझ्याकडं. आता तुझं शटर खालीच हाय, तरी सवयीनं माझी पाठच होऊन राहिली.

म्हणतेत, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू न्हाई. बरं, तुझ्याबद्दल न्हाई बोलत, तुझ्याशीच बोलतो. जितेपणी ऐकून घेतलं न्हाईस. आता कुठं जाशील?

शिकवलंस तूच, हे कबूल. डोंगरकडा गावी तुझ्या घरी तो खांद्यावरचा मोठा कॅमेरा पयल्यांदा आला, तवा मी बाविशीतला गडी, मायसंगं मेंढरं राखायचो. तू म्हणलास, "सोपान, मेंढरं काय कोणीबी वळते. हे शिक." अन् बांधावर बसवून धडा दिलास तो अजून शब्दाला शब्द ध्यानात हाय. "कॅमेरा येडा असते. त्याला लई पांढरं दाखवलं की त्याला वाटते ऊन वाढलं. मंग तो डोळा बारीक करते अन् माणसं काळी पडतेत. काळं दाखवलं की वाटते अंधार हाय. मंग तो डोळा फाडते अन् माणसं पांढरीफट्ट."

बराबर होतं तुझं. आपल्याकडच्या लग्नात तर हा घोळ ठरलेलाच. म्हाताऱ्यांची अख्खी रांग पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरा पटका घालून बसणार. कॅमेरा ऑटोवर सोडला की सगळे पाव्हणे कोळशाच्या वखारीतून आल्यावानी. अन् त्यांच्या शेजारी माझा चुलता काळी घोंगडी घेऊन बसला की त्याच्या तोंडाला नाक-डोळे न्हाईतच! तू शिकवलंस, आधी तोंडावर झूम कर, उजेड ठरू दे, मंग लॉक कर अन् मंग मागं ये. मागून ऊन असलं तर बॅकलाइटचं बटण दाब. अंतरपाटाला तर कानच धरायचास माझा. पांढरा पाट समोर आला की कॅमेरा डोळा मिटते, अन् पाट खाली गेला तरी दोन सेकंद मिटलेलाच ऱ्हाते. नवरानवरी एकमेकाला पयल्यांदा पाहतेत ते त्याच दोन सेकंदात. "आधी लॉक, मंग अंतरपाट," हे तू इतक्यांदा म्हणलास की माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी पाटामागून तुला वरडून विचारलं, "लॉक केलं का?" सगळा मांडव हासला.

म्हणून तर माझा राग जात न्हाई, दिग्या. अडाण्याच्या हातून झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. तुला सगळं येत होतं.

माझं लग्न कनेरगाव नाक्याला, नवरीच्या दारी. माय आली न्हाई. मेंढ्या व्यायला आल्या होत्या. चुलता म्हणला मी थांबतो, तुमी जा वहिनी, पण ती कोणाच्या भरवशावर मेंढरं सोडणारी होती का? बा तर आधीच गेलेला. म्हणली, "तू जा, बायको घेऊन ये. मी दारात उभी हाय." म्हणजे त्या अख्ख्या तीन तासांच्या कॅसेटीत माय एकाच जागी येणार होती, हे तुला म्हाईत होतं. टेम्पोत मी तुला सांगितलं बी होतं. "दिग्या, बाकी कसंबी काढ. दारातलं माझ्या मायचं नीट काढ." तू म्हणलास, "ते काय सांगायचं झालं का, येड्या."

सकाळी नऊ-साडेनऊला आमी दारात. आमचं दार उगवतीला. मी अन् नवरी अंगणात उन्हात उभे. माय उंबऱ्याच्या आत, हातात भाकरतुकडा अन् पाण्याचा तांब्या. अन् तू घरात, मायच्या मागं, अंधारात, कॅमेरा बाहेर उन्हाकडं करून. तिनं भाकरतुकडा ओवाळला, टाकला, अन् मागं वळून तुझ्याकडं पाहिलं. तिला कॅमेऱ्याची लई मौज वाटली होती. म्हणली, "काय रे दिगंबर, माझं बी काढून राहिला का? थांब, पदर नीट घेते." तू म्हणलास, "घ्या मावशी. लई झ्याक येऊन राहिलं."

काय झ्याक आलं, ते आपण आठ दिवसांनी तुझ्या दुकानात बसून पाहिलं. अंगण लख्ख. नवरी लख्ख. मी दात काढून उभा, मी बी लख्ख. अन् मधी माणसाच्या उंचीचं एक काळं. ते काळं वळते, पदर घेते, बोलते. आवाज हाय, तोंड न्हाई.

मी म्हणलो, "हे काय रे?"

तू म्हणलास, "मागं ऊन होतं."

"बटण होतं की."

"बटण दाबलं असतं तर मावशी दिसली असती अन् बाहेर नवरी जळून पांढरी झाली असती. एकाच उजेडात दोघी कशा बसवू? नवरी दिसली ना? लोक नवरी पाहतेत."

हे वाक्य मी बारा वर्षं चघळलं, दिग्या. तवा मी म्हणलो जाऊ दे, माय कुठं चालली? पुढच्या जत्रंत काढू, माझ्या लेकराच्या बारशाला काढू. पोळ्याच्या आधी तिला ताप आला. बसमतच्या दवाखान्यात न्हेलं, चौथ्या दिवशी परत आणलं ते खांदा द्यायलाच. तिचा एक बी फोटो न्हाई. मतदानाच्या कार्डाचे फोटो काढायला शाळंत माणसं आली, तवा ती मेंढरामागं रानात. म्हणजे ह्या धरतीवर माझ्या मायचं जे काय उरलं, ते तुझ्या कॅसेटीतलं काळं.

दिवस झाल्यावर मी तुझ्याकडं आलो अन् भांडलो. तुझ्या दुकानात गिऱ्हाईक बसलेलं होतं, तरी भांडलो. मी म्हणलो, जळू द्यायची होती नवरी! माझी बायको बाहेर टेम्पोत बसून ऐकत होती, तिनं पुढं महिनाभर मला ते ऐकवलं. मी म्हणलो, मायला म्हणायचं होतं, मावशी दोन पावलं बाहेर या, उन्हात या. काय तकलीफ होती? तू म्हणलास, "भाकरतुकडा टाकायच्या आधी वरमाय उंबरा ओलांडते का? मी काय रीत मोडू तुझ्या घरची?" मी म्हणलो, टाकल्यावर म्हणायचं. तू म्हणलास, टाकल्यावर नवरीनं माप ओलांडायचं, ते काढू का तुझ्या मायला फिरवू? प्रत्येक गोष्टीला तुझ्याकडं जवाब. चुकलं, एवढा एक शब्द न्हाई. माझ्या मायच्या हातची भाकर तू पाच वर्षं खाल्लीस, दिग्या. तिच्यासाठी एक शब्द निघाला न्हाई तुझ्या तोंडातून.

मंग मी ठरवलं, ह्याला दाखवतो.

दुकान टाकलं ते मुद्दाम तुझ्या समोर. लोक म्हणले, फाट्यावर दुसरीकडं जागा हाय. मी म्हणलो, मला हीच पायजे. गिऱ्हाईक आलं की त्याला टपरीवर चहा पाजायचो अन् सांगायचो, दिगंबरकडं जा की, पण मागं ऊन असलं तर तुमची माय भूत दिसंल. हासायचे लोक. हासत हासत माझ्याकडं यायचे. मी उन्हात, अंधारात, हंड्यांच्या उजेडात, पेट्रोमॅक्सात, सगळीकडं तोंडं काढायला शिकलो. वरमाय उंबऱ्यात असली की मी घरात जातच न्हाई, बाहेरून कडंला उभा ऱ्हातो. शंभर मायांची तोंडं काढली मी. प्रत्येक येळंला मनात म्हणलो, घे दिग्या, अशी काढतेत. तुझी कामं कमी झाली, तुझ्या दुकानात झेरॉक्सचं मशीन आलं, ते मी काचेतून पाहायचो अन् मला बरं वाटायचं. खोटं काहून सांगू? लई बरं वाटायचं.

अन् मंग तुझ्या शालूचं लग्न निघालं.

दाट तीथ होती. नांदेडपस्तोर एक कॅमेरावाला मोकळा न्हाई. बाप कन्यादान करील का कॅमेरा धरील? तू रस्ता ओलांडून आलास. एवढ्या वर्षांत पयल्यांदा अन् शेवटच्यांदा. उंबऱ्याशी उभा राहून म्हणलास, "सोपान, शालूचं तूच काढ." मी म्हणलो, "काढू की." इतक्या गोडीनं म्हणलो की तुला तवाच भ्याव वाटायला पायजे होतं.

वाटलं होतं तुला. आता म्हाईत झालं मला, पण ते पुढं सांगतो.

लग्न दुपारचं. मी सकाळीच जाऊन मांडव पाहून आलो. ज्या कडंनं तुझ्या पाठीमागं उघडं शेत येईल, भर उन्हाचं, पांढरं, त्याच कडंला स्टँड लावला. पोरगी बसणार होती तिथं मांडवाचं कापड आखूड होतं, तिच्यावर ऊन येणार. तू सावलीत. कन्यादानाला तू बसलास, पांढरं धोतर, पांढरा पटका, डोळे भरलेले. मी उजेड शालूच्या तोंडावर ठरवला अन् लॉक केला. कॅमेऱ्याचा डोळा उघडायचं आयरिसचं चाक माझ्या बोटाखाली होतं. थोडं उघडलं असतं तर तू दिसला असतास, अन् पोरीचं काय बी बिघडलं नसतं. उघडलं न्हाई. तू तिचा हात नवऱ्याच्या हातात दिलास, वर पाहिलंस, रडलास. मी भिंगातून सगळं पाहत होतो अन् चाकावरचं बोट हलवत न्हवतो. तुझ्या हातून घाईत झालं असंल, मी मानलं. मी मातर सावकाश केलं.

सीडी पाहून तू आला न्हाईस. मीच गेलो टपरीवर, तू होतास म्हणून. म्हणलो, "पाहिली का?" तू मान हालवलीस. मी म्हणलो, "नवरी दिसली ना? लोक नवरी पाहतेत."

तुझ्या हातात कप होता. तू चहा पूर्ण पिलास, कप खाली ठेवलास अन् गेलास. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणलो, फिटलं. ती म्हणली, "कोणाचं?" अन् सैपाकघरात गेली.

दीड वर्ष झालं असंल त्याला. अन् आता पंधरवड्यामागं छातीत कळ आली अन् तू दुकानाच्या खुर्चीतच गेलास. बातमी मला समोरूनच कळली, गर्दी दिसली म्हणून.

काल शालू आली. पायात तशीच धुळीची चप्पल. बसली न्हाई. म्हणली, "काका, तेरवीला ठेवला तो कार्डाचा फोटो सोडला तर बाबाचं कुठंच काही न्हाई. समद्या जिल्ह्याचं शूटिंग काढलं, त्यांचं कोणीच काढलं न्हाई. माझ्या लग्नात हायेत, पण तोंड दिसून न्हाई राहिलं. कम्पुटरवर उजळ करता येते का?"

मी म्हणलो, "सीडी खराब हाय, पोरी."

ती म्हणली, "बाबा म्हणायचे, ऊन मागं होतं, सोपानकाका तरी काय करील?"

ऐकलंस का दिग्या, तुझंच बोलणं? मला वाचवलंस तू. घरात, पोरीपुढं. कोणी सांगितलं होतं तुला? मी तुझ्याकडं मागितलं होतं का? मला इतका संताप आला की मी तिच्यावर वरडलो असतो.

मी उजळ करून पाहिलं. तुला म्हाईतच हाय काय होते ते. काळ्यात काही नसतेच. वर ओढलं की राख दिसते, माणूस न्हाई. मायच्या कॅसेटीवर मी हे कितींदा करून पाहिलं हाय. मंग मी कॅमेऱ्यातली मूळची छोटी कॅसेट काढली, सुरुवातीपासून लावली. कॅसेटीचं पयलं अर्धं मिनिट आपण कामाला धरत न्हाई, हे बी तूच शिकवलेलं. सुरुवात खराब असते, वाया जाऊ द्यायची. त्या वाया अर्ध्या मिनिटात तू होतास.

मी विसरलो होतो. कॅमेऱ्याला पांढरा रंग ठरवून द्यायला मला पांढरं कापड पायजे होतं, अन् तू सोता अंतरपाट घेऊन आलास. मांडवाच्या दारात, बराबर उजेडात. मी तुझ्या तोंडावर झूम करून उजेड ठरवून राहिलो, हात कामाचे, ते काय मनाचं ऐकतेत का? तुझं सगळं दिसून राहिलं. हनुवटीवरचा कापल्याचा वण, घाम, कानामागं लावलेला अत्तराचा बोळा. तू अंतरपाट छातीशी धरलास अन् म्हणलास, "सोपान, एक ऐक. कन्यादानाला माझं तोंड दिसू दे बाबा. पुढं पोरीला पाहायला लागंल." अन् मागून माझा आवाज, "बघू."

मी ती कॅसेट चार येळा मागंपुढं केली. आवाज काढून टाकायला मला काय लागत होतं? एक बटण. तोंड ऱ्हायलं असतं, माझं 'बघू' गेलं असतं, शालूला कधी कळलं नसतं की तिच्या बापानं मागितलं होतं अन् मी दिलं न्हाई. बोट त्या बटणावर ठेवलं बी होतं. मंग मला ते आठवलं. आवाज असून तोंड नसलं की कसं होते ते मी बारा वर्षं पाहिलंय. तोंड असून आवाज नसला तर कसं होते, ते मी तुझ्या पोरीला काहून दाखवू? तिनं माझं काय बिघडवलं?

आवाज तुझ्यासाठी न्हाई ठेवला. उगं फुगू नको.

आज सकाळी तिला बोलावलं, दुकानातल्या टीव्हीवर लावलं. ती उभ्यानंच पाहत होती. तुझं तोंड आलं तशी खाली बसली. तू बोललास. मी बोललो. तिनं परत लावायला सांगितलं. मी परत लावलं. 'बघू' आलं तवा तिनं माझ्याकडं पाहिलं, अन् मी घाईघाईनं म्हणलो, "शालू, माझ्या मायचं काय झालं होतं तुला म्हाईत न्हाई..."

"म्हाईत हाय, काका," ती म्हणली. "बाबा सांगायचे. कुठंबी गेलो अन् उन्हाचं दार दिसलं की थांबायचे. म्हणायचे, सोपानच्या घरात आतून पांढरी चादर धरायला पायजे होती. बाहेरचं ऊन चादरीवर पडलं असतं अन् मावशीच्या तोंडावर आलं असतं. नवरीबी दिसली असती अन् मावशीबी. दर बारीला म्हणायचे. आई वैतागायची, म्हणायची, मला काय सांगता, त्यांना जाऊन सांगा."

 चादर. आमच्या घरात खुंटीवर धोतर होतं, बाचं, पांढरं. तुझ्या हाताच्या अंतरावर होतं. बारा वर्षं मी दोन पावलं बाहेर, दोन पावलं बाहेर करत बसलो, अन् रीत न मोडता, नवरी न जाळता, माय दिसली असती हे मला सुचलं न्हाई. तुला सुचलं. मेल्यावर बी भांडण तूच जिंकलास, भाड्या!

शालू त्याची उतरवलेली सीडी पदरात गुंडाळून गेली, मूळ कॅसेट माझ्याकडंच ऱ्हायली. रस्ता ओलांडून तुझ्या शटरपाशी थोडी थांबली, मंग जीपमधी बसली. मी पाहत होतो. किती पावलं हायेत रे इथून तिथं? मी मोजली आज, ट्रक थांबवून मोजली. एकतीस. तुझ्या बायकोला सांगितलंस, पोरीला सांगितलंस, दिसंल त्या दाराला सांगितलंस. एकतीस पावलं चालून मला सांगायला काय मेला होतास का तवा?

अन् मी बी टपरीवर विचारायला आलो ते काय विचारलं तुला! नवरी दिसली ना. कप ठेवलास तवा तुझ्या तोंडाकडं मी पाहिलंच न्हाई. आता कॅसेटीत पाहतो, तर तिथं तू अजून बोललेला नसतोस, नुसता अंतरपाट धरून उभा असतोस, मी उजेड ठरवायची वाट पाहत.